इलाक्याचा हवामान आराखडा कसा करायचा: गडचिरोलीतल्या ग्रामसभांसाठी

आमच्याकडे आराखडा म्हटलं की माणसं आधी विचारतात, "सही कुठं करायची?" त्यात त्यांची काही चूक नाही. 'आमचा गाव आमचा विकास'चा एक गठ्ठा, सामूहिक वनहक्काच्या व्यवस्थापनाचा दुसरा, आपत्तीचा तिसरा. कपाटात जागा उरत नाही. त्यामुळे हवामानाचा चौथा गठ्ठा करायचा असेल तर माझ्यासारखीला बोलावूच नका. मी धानोऱ्याकडची आहे. ग्रामसभांची लिखापढी हेच माझं काम आहे, आणि आहेत त्या आराखड्यांमध्ये हवामान घुसवायचं कसं, एवढंच मला सांगता येईल.

वर काय चाललंय ते थोडक्यात सांगते. देशाचा हवामान कृती आराखडा २००८ मध्ये आला. त्यानंतर राज्यांनी आपापले केले, महाराष्ट्राचा 'टेरी' या संस्थेने २०१४ मध्ये तयार केला. त्यात विदर्भ आहे, धान आहे, जंगलही आहे. पण तुमच्या नाल्याचं नाव त्यात नाही, आणि असायचं कारणही नाही. ते लिहायचं काम खालचं आहे.

गाव नव्हे, नाला धरा

एकट्या गावाचा हवामान आराखडा होत नाही. जंगल वरच्या गावाच्या हद्दीत, तलाव मधल्या, बांध्या म्हणजे धानाची शेतं खालच्या. वर वणवा लागला की पहिल्या पावसात राख आणि माती खालच्या तलावात उतरते. आपल्या जुन्या रीतीत इलाका होताच. आठ-दहा गावांचे भूमिया, गायता (गावचे पारंपरिक प्रमुख आणि पुजारी), पाटील एकत्र बसायचे आणि जंगलाचे, लग्नाचे, भांडणाचे निवाडे करायचे. तो इलाका आणि नाल्याचं पाणलोट बऱ्याच ठिकाणी जवळपास जुळतं. जुळत नसेल तर पाणलोट धरा, पण बैठक इलाक्याच्या जागी घ्या, म्हणजे माणसं येतात.

मोठ्या नदीकाठच्या गावांना आणखी एक रेघ लागते. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे भंडारा जिल्ह्यात उघडतात आणि वैनगंगेचा दाब आमच्या उपनद्यांमध्ये मागे सरतो. आपल्याकडे थेंब पडलेला नसताना पाणी चढतं. सिरोंचाकडे प्राणहिता आणि गोदावरी, भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम. अशा गावांनी नकाशाच्या कडेला 'पाणी कुठून येतं, निरोप कोण देतो' असं लिहून समोर माणसाचं नाव टाकावं. कार्यालयाचं नाव टाकू नका, कार्यालय रात्री दोनला फोन उचलत नाही.

पहिली बैठक: बारा महिने जमिनीवर

बैठकीची सुरुवात कार्बनने करू नका. गोटुलात (गावाच्या सामाईक घरात) किंवा समाजमंदिरात सारवलेल्या जमिनीवर खडूने बारा रकाने आखा, माघापासून पौषापर्यंत. इंग्रजी महिन्यांवर म्हातारी माणसं अडखळतात. मग आडव्या तीन ओळी काढा: आजा-आजीच्या वेळी, आपल्या तरुणपणी, आणि मागच्या चार-पाच वर्षांत. मोहाच्या बियांची टोपली मधोमध ठेवा. मोहफूल कधी पडतं, तेंदूपान कधी तयार होतं, पहिला नांगर कधी लागतो, रोवणी कधी संपते, नाल्याची धार कधी तुटते, विहिरीत बादली कधी खरवडते, ताप कधी वाढतो. प्रत्येक प्रश्नाला बिया त्या त्या रकान्यात ठेवायच्या. जास्त काम, जास्त पाणी, जास्त ताप असेल तर जास्त बिया.

बायका आणि पुरुषांचे आखाडे, म्हणजे जमिनीवरचे हे तक्ते, वेगळे मांडा. हे मी आग्रहाने सांगते. पुरुषांच्या ओळीत पाऊस म्हणजे धान. बायकांच्या ओळीत पाऊस म्हणजे मोह, सरपण, पाणी, लेकराचा ताप. एका बैठकीत एक आजी तिसऱ्या ओळीतल्या फाल्गुन-चैत्राच्या बिया पुन्हा उचलून टोपलीत टाकत म्हणाली, "आता काय ठेवू बाई? फूल पडाच्या वक्ती पाणी येते, फूल काळं पडते, बेपारी हात लावत नाही." पुरुषांच्या आखाड्यात मोहाचा रकाना भरलेला होता, कारण झाडाला फूल येतंच. वाळवून विकायचं काम त्यांचं नाही. अवकाळी पावसाचा फटका कुणाला बसतो, ते कुठल्याही अहवालापेक्षा या दोन आखाड्यांच्या फरकात लवकर दिसतं.

पंडुमांच्या, म्हणजे गोंड-माडियांच्या सणांच्या, तिथी विचारायला विसरू नका. बिज पंडुम झाल्याशिवाय पेरणी नाही, नवं फळ-फूल पंडुमाआधी तोंडात घालायचं नाही. या तिथी कॅलेंडर बघून ठरत नाहीत, जंगल आणि आभाळ बघून ठरतात. गावच्या पेरमाला, म्हणजे पुजाऱ्याला, मागच्या किती वर्षांच्या आठवतात ते बघा. एखाद्याचं लग्न, एखादा पूर, एखादी निवडणूक, अशा खुणांवर वर्षं बरोबर लागतात. लिखित नोंद नसलेल्या ठिकाणी हवामानाची याहून चांगली वही मला तरी सापडलेली नाही.

शेवटी आखाड्याचा फोटो काढा आणि तिथेच कागदावर उतरवा. दुसऱ्या दिवशी कोंबड्या बिया विस्कटतात.

मोजमाप, पण झेपेल तेवढंच

जिल्ह्यात सरासरी १३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सरासरी ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं, यांना कसली कमी. खोट सरासरीत नाही, वाटणीत आहे. जुलैत पंधरा-वीस दिवस खंड आणि मग दोन दिवसांत शेत धुऊन जाईल इतका. महसूल मंडळाच्या केंद्रावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर सरकारी हिशोबात अतिवृष्टी. पण मंडळाचं केंद्र तुमच्या गावापासून डोंगरापलीकडे असू शकतं. म्हणून इलाक्यात किमान तीन ठिकाणी आपला पाऊस मोजा: वर, मध्ये, खाली. साधं पर्जन्यमापक मिळालं तर उत्तम, नाही तर सरळ उभ्या काठाचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी बसवून रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजायचं. आत जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. काम शाळेतल्या पोरांना द्या. मोठी माणसं चार दिवसांत कंटाळतात.

विहिरीचं पाणी मोजायला गाठी मारलेली दोरी, दर अमावास्येला. नाल्याच्या पाण्याची बाटली दर पंधरवड्याला भरून रात्रभर न हलवता ठेवायची, सकाळी बुडाशी किती गाळ बसला तो बोटाने मोजून लिहायचा. खाणीच्या खालच्या अंगाला असाल तर हीच बाटली पुढे फार कामाची ठरते. तारीख, जागा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या चिठ्ठीवर हव्यात.

खाण नकाशावर काढा

हे लिहिताना काही जण अस्वस्थ होतात. हवामानाच्या आराखड्यात खाण कशाला, तो वेगळा विषय आहे, असं म्हणतात. एटापल्लीत सुरजागडचा डोंगर, कोरचीत झेंडेपार, अहेरीकडे चुनखडक. आमच्या जिल्ह्यात लोखंड जंगलाखाली आहे आणि जंगल पाण्याच्या वर आहे. डोंगरमाथ्यावरचं झाड गेलं की उन्हाळी झरा आटतो, मुसळधार पावसात लाल पाणी बांधीत उतरतं, रस्त्याकडेच्या कापसावर आणि मोहावर धूळ बसते. पाऊस जितका आडदांड, तितकं हे नुकसान मोठं. तर मग वेगळा विषय कसा? तुम्ही खाणीच्या बाजूचे असा की विरोधातले, नकाशावर तिची हद्द, वाहतुकीचा रस्ता, मातीचे ढीग आणि तिथून निघणारा प्रत्येक ओहोळ काढलाच पाहिजे. ठाकूरदेवाचं ठाणं आणि जत्रेची वाटही काढा.

खाणीला पर्यावरण मंजुरी देताना अटी घातलेल्या असतात: ढिगाऱ्याभोवती चर, गाळ बसवायची तळी, रस्त्यावर पाणी मारणं, झाडं. त्या अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरपर्यंत, द्यावा लागतो. मंजुरीपत्र 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर मिळतं, ते काढून अटी मराठीत आणि जमलं तर गोंडी-माडियात वाचून दाखवा. प्रत्येक अटीसमोर दोन रकाने करा, 'दिसते' आणि 'दिसत नाही'. तुमची गाळाची बाटली इथे जोडायची. घोषणांपेक्षा असा तक्ता साहेबांना जास्त बोचतो, हा माझा अनुभव.

नवीन प्रस्ताव असेल तर ग्रामसभेचा ठराव हाच कणा आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने आपल्या जंगलाचं, पाणलोटाचं आणि सांस्कृतिक वारशाचं रक्षण करायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांना विचारायला सांगितलं, आणि निवडलेल्या बाराही ग्रामसभांनी नाही म्हटलं. होय म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ठरवताना पाण्याचा नकाशा समोर असू द्या.

कामं: आधी पाणी, मग आग

मामा तलावांपासून सुरू करा. माजी मालगुजारी तलाव म्हणजे पूर्व विदर्भाची खरी मालमत्ता, बहुतेक तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. पाळ कुठे खचली, तुडुम (पाणी सोडायचं दार) गळतं का, सांडवा बुजलाय का, पोटात बेशरमीची झुडपं किती माजलीत, हे चार प्रश्न प्रत्येक तलावाला. गाळ काढायला 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे, पण पूर्ण तलाव खरवडून सपाट कढई करू देऊ नका. कडेचा उथळ भाग माशांच्या अंड्यांचा आणि पाखरांचा असतो. ढिवर समाजाच्या मासेमारी संस्थेला पहिल्याच बैठकीत बसवा, नाहीतर मासे सोडायच्या दिवसांत भांडण होतं.

तलावातलं पाणी कशाला, हेही आराखड्यात लिहा. माझं मत स्पष्ट आहे: पहिला हक्क पऱ्ह्यांचा, म्हणजे धानाच्या रोपांचा. जुलैत खंड पडला आणि चिखलणीला पाणी नसलं की पऱ्हे बांधीतच म्हातारे होतात, मग रोवले तरी फुटवे कमी येतात. म्हणून पऱ्हे दोन टप्प्यांत टाकायचे, दहा-बारा दिवसांच्या अंतराने. वरच्या बांध्यांत हलका म्हणजे लवकर येणारा धान, खोलगट भागात भारी म्हणजे उशिरा येणारा. वरकस जमिनीवर कोदो-कुटकी, निदान घरच्या खाण्यापुरती. पावसाने डोळे वटारले तरी ती हातात येते. बियाण्यासाठी घराघरातले जुने वाण शोधून गावाची बियाणे कोठी करा. शेतकऱ्याने निवडलेलं बियाणं कमअस्सल असतं असं कुणी म्हणालं तर त्याला शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंची आठवण द्या. एचएमटी धान त्यांनी आपल्या बांधीतल्या वेगळ्या ओंब्या निवडूनच काढला, आणि मनगटावरच्या घड्याळाचं नाव त्याला दिलं.

कापणीच्या वेळी येणारा पाऊस हा नवा वैरी आहे. कडपा (कापून पसरलेला धान) पाण्यात सापडल्या की धानाला कोंब फुटतात. इलाक्यात दोन-तीन ठिकाणी सामाईक ताडपत्र्या आणि उंच ओटा ठेवणं हे फार स्वस्तातलं काम आहे. कुठल्याही आराखड्यात ते नसतं, कारण त्यात ठेकेदाराला काही उरत नाही.

जंगलात छोटं तळं, पाणवठा, पिण्याच्या पाण्याची सोय करायची असेल तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वापरा. एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील तर ग्रामसभेच्या शिफारशीवर वनजमीन मिळू शकते. वनविभागाशी भांडत बसण्यापेक्षा हा अर्ज आधी टाका.

आता आग. आग आपोआप लागत नाही, आपणच लावतो. मोहाखालचा पालापाचोळा साफ करायला आणि तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून. खुटकटाई, म्हणजे तेंदूची झुडपं बुडातून छाटणं, नीट केली तर पान आगीशिवायही चांगलं येतं, आणि मोहाखाली जुनी लुगडी किंवा हिरवी जाळी अंथरली तर फूल स्वच्छ मिळतं, भावही बरा येतो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) झाल्या पाहिजेत, म्हणजे ठराव डिसेंबरात. कुठल्या टोल्याने (पाड्याने) कुठली रेषा काढायची ते नावानिशी लिहा. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचे संदेश मोबाइलवर पाठवतं, ग्रामसभेच्या दोन पोरांचे नंबर नोंदवून ठेवा. तेंदूचा लिलाव ग्रामसभा स्वतः करत असेल तर करारातच लिहून घ्या की आग लागली तर फळी, म्हणजे तेंदूपान गोळा करायची जागा, बंद.

फळीवरच एक पाण्याची टाकी, सावलीचा मांडव आणि मीठ-साखरेची पुडी. मे महिन्यात पहाटे जंगलात शिरलेली बाई दुपारी पुडके बांधत बसते, उन्हाचा खरा मार तिथे लागतो.

पावसाळ्यात तुटणारी गावं

यात नवं शोधायचं काही नाही, असलेलं वेळेवर मिळवायचं. नवसंजीवनी योजनेतून दुर्गम गावांना पावसाळ्याआधी धान्य पोचवलं जातं. ते मे अखेर गोदामात आलं का, हे बघायची जबाबदारी एका नावावर टाका. पूल बुडणाऱ्या गावांतल्या गरोदर बायकांची यादी आशाताईकडून जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्या, ज्यांचे दिवस पावसाळ्यात भरतात त्यांना आधीच आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी राहायच्या सोयीत) न्यायचं. सासू सोबत असेल तर बाई राहते, नाहीतर दुसऱ्या दिवशी पायी परत येते. मलेरियाची तपासणी किट आणि गोळ्या रस्ता बंद व्हायच्या आत आशाताईच्या पेटीत हव्यात. राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार आपलाच जिल्हा उचलतो. वीज पडण्याची सूचना देणारं 'दामिनी' ॲप उपयोगी आहे, जिथे टॉवर आहे तिथे.

हत्तींचंही लिहा. २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने कळप आला तेव्हापासून उत्तरेकडच्या तालुक्यांत धानाची राखण बदलली आहे. त्यांच्या वाटा नकाशावर आल्या की निदान मचाण कुठे बांधू नये ते कळतं.

पैसा

प्रत्येक कामासमोर खातं लिहिल्याशिवाय ओळ पूर्ण धरू नका. माती-पाण्याची कामं, जाळरेषा, वृक्षलागवड: रोजगार हमी. पेसाचा (आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याचा) पाच टक्के अबंध निधी कोष समितीकडे असतो. ताडपत्री, बियाणे कोठी, पर्जन्यमापक अशा बारक्या पण नेमक्या गोष्टी त्यातून. पर्यायी वनीकरणाचा म्हणजे कॅम्पाचा पैसा वनविभागाकडे. तुमच्या सामूहिक जंगलात सागाची रांग लावायला आले तर मोह, चारोळी, हिरडा, बांबू हवा असा ठराव हातात ठेवा.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी मात्र खाणीच्या इलाक्याने सोडू नये. खाणधारकाच्या रॉयल्टीवर आधारलेला हा पैसा बाधितांसाठीच आहे. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतलं क्षेत्र प्रत्यक्ष बाधित, २५ पर्यंतचं अप्रत्यक्ष. ७० टक्के निधी पिण्याचं पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण अशा प्राधान्याच्या विषयांवर जायला हवा. आपल्या इलाक्यातलं कुठलं गाव किती अंतरावर आहे ते नकाशावर वर्तुळ काढून दाखवा, तोंडी सांगितलं की कुणी ऐकत नाही. रस्ते आणि कमानी मागणारे खूप येतात, झरे मागणारं कुणी येत नाही. तुम्ही मागा.

आणि अलीकडे कार्बनचे दलाल, म्हणजे जंगलाने शोषलेल्या कार्बनचा सौदा करणारे, फिरतायत. 'जंगल तुमचंच राहील, फक्त सही करा, दरवर्षी पैसे' असं सांगतात. तीस-चाळीस वर्षांच्या करारावर एका बैठकीत सही करू नका. सरपण, चराई, बांबूतोड यावर बंधन येतं का, वणवा लागला तर भरपाई कोण देणार, मधे बाहेर पडता येतं का, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं मराठीत आली तरच पुढची बैठक.

ठराव आणि आवक

आराखडा कितीही देखणा असला तरी कचेरीत तो ठरावावर चालतो. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवून २०११ मध्ये बांबूचा वाहतूक पास स्वतः द्यायला सुरुवात केली, त्यामागेही वर्षानुवर्षं लिहून ठेवलेले ठराव होते. प्रत्येक टोल्याची ग्रामसभा वेगळी घ्या, ग्रामपंचायतीची एकच घेऊन भागवू नका. वनहक्काच्या ठरावाला निम्मी गणपूर्ती आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका लागतात, त्यापेक्षा कमी असतील तर बैठक पुढे ढकला, खोट्या सह्या पुढे महागात पडतात. ठरावात काम, गट क्रमांक किंवा वनखंड, खातं आणि जबाबदार माणूस, एवढंच. वनहक्क नियमांतल्या नियम ४(१)(ई) प्रमाणे नेमलेली जंगल समिती हा आराखडा सांभाळेल असा शेवटचा ठराव.

सगळ्या गावांचे ठराव एकत्र बांधून दिवाळीच्या आसपास द्या, कारण जिल्हा नियोजनाचे आकडे हिवाळ्यातच बसतात. मार्चमध्ये गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू' हेच ऐकाल. पाच प्रती करा: जिल्हाधिकारी, आदिवासी प्रकल्प अधिकारी, उपवनसंरक्षक, पंचायत समिती, आणि वेगवेगळ्या खात्यांच्या योजना एकत्र आणणाऱ्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या कन्व्हर्जन्स समितीसाठी वेगळी. सहावी प्रत आपल्याकडे, तिच्यावर पाचही कचेऱ्यांचे आवक शिक्के आणि क्रमांक. शिक्का देणारा जेवायला गेला असेल तर तिथेच थांबा.